नव्या हत्यारातली खोट

१

रिव्हॉल्व्हर घरात आलं त्या दिवशी त्रिंबकनं ते आधी देवापुढं ठेवलं, मग सोफ्यावर ठेवलं, मग जेवताना ताटाशेजारी ठेवलं. लग्न होऊन आलेल्या नवरीचंसुद्धा या घरात एवढं कौतुक झालं नव्हतं. बानाबाईला विचारा. पण बानाबाईला कधी कुणी काही विचारलंच नाही, तेव्हा ते राहू द्या.

अंगद हा त्रिंबकचा एकुलता एक पोरगा, बावीस वर्षांचा. त्यानं ते हत्यार पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात ओरखडा उठला. मागच्या घोड्याची कड कारखान्यात कुणी घासलीच नव्हती. मुठीचा एक स्क्रू तिरका बसवलेला. नेम धरायची माशी डावीकडं कललेली. सहा गोळ्यांचं सिलिंडर बंद केल्यावरही हिंदकळत होतं, पडायला आलेल्या दातासारखं.

"आण्णा, ह्यो माल नापास हाये," अंगद म्हणाला. "वाळूजला आमच्या वर्कशॉपात असला जॉब आला तर सुपरवायझर तोंडावर फेकून मारतो."

"तू नापास, म्हणून तुला सगळं नापास दिसतंय," त्रिंबक म्हणाला. धाकटा भाऊ काकासाहेब शेजारी बसला होता, तो मांडीवर थाप मारून हसला.

अंगद नापास नव्हता. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला त्याची हजेरी कमी भरली, म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. आणि हजेरी का कमी भरली, तर याच रिव्हॉल्व्हरच्या लायसनसाठी तो सहा महिने बापाची फाइल काखेत मारून या ऑफिसातून त्या ऑफिसात हिंडत होता. चारित्र्याचा दाखला बापाचा, रांगेत उभा पोरगा. पडेगावची जमीन रस्त्यात गेली, मेंढरं विकली, फरशीचं दुमजली घर उभं राहिलं. आता एवढ्या मोठ्या माणसाच्या कमरेला काहीतरी नको का? ज्याच्या बापजाद्यांनी लांडग्याला नुसत्या काठीनं पळवलं, त्याला आता कुणाची भीती वाटत होती देव जाणे.

चौथ्या दिवशी त्रिंबक उरलेल्या तुकड्यावर गेला. सोबत काकासाहेब आणि गल्लीतली चार-पाच माणसं, मागून जेवण घेऊन बानाबाई. बांधावरच्या लिंबावर नेम धरला, डोळा मिटला, चाप ओढला.

टक.

गोळी उडालीच नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "त्रिंबकराव, तोंडानं ठो म्हना." सगळे हसले. त्रिंबक घरी आला आणि पहिली शिवी अंगदला दिली. दुसरी कुणाला द्यायची त्याला सवयच नव्हती.

२

शहरातल्या दुकानदारानं हात वर केले. "चचा, हमने बनाया क्या? कंपनी को भेजना पडेंगा. अर्ज करो, लायसन की झेरॉक्स लगाओ, पोलिस की चिठ्ठी लाओ. छे-आठ महिने पकडके चलो."

दसरा पंधरा दिवसांवर आला होता. खंडेनवमीला त्रिंबकला सगळ्या भावकीसमोर हत्यार पुजायचं होतं.

"तू कर दुरुस्त," तो अंगदला म्हणाला. "दीड वर्ष कालेजात काय बायकांच्या पाटल्या घडवत व्हतास का?"

"घरी दुरुस्त करनं गुन्हा हाये, आण्णा."

"मला कायदा शिकवतो? लायसन कुनाचंय?"

मग काय. अंगदनं खालच्या मोकळ्या खोलीत चादर अंथरली. या घरात सात खोल्या होत्या आणि सामान दोन खोल्यांचं. बाकीच्या पाच खोल्यांत बोललं की आवाज भिंतीवर आपटून परत येई, जणू पलीकडं कुणी वेडावत बसलंय. त्यानं सिलिंडर उघडलं आणि सहाही काडतुसं चादरीवर काढली. प्रत्येकाच्या बुडाला मध्यभागी एक बारीक टिकली असते. घोडा पडला की पिन त्या टिकलीवर आदळते, टिकली पेटते, गोळी सुटते. इथं पिन आदळत होती, पण हळू. खूण पडायची आणि टिकली पेटायची नाही. आतली स्प्रिंगच मरतुकडी होती. रोग सापडला.

पण खुणा दोन होत्या. दोन काडतुसांवर, मुगाच्या डाळीएवढे दोन खड्डे.

"आण्णा, शेतात किती बार चाप ओढला?"

"एकदाच. का?"

"नक्की?"

"आता मोजायला पन तूच शिकव!"

अंगदनं मनात म्हटलं, खोटं बोलतोय. माणूस हसं झाल्यावर गुपचूप पुन्हा ओढून बघणारच. खोटं बोलणं बापाच्या स्वभावात होतं, त्यामुळं हिशोब लगेच जुळला. अंगदनं काडतुसं परत भरली. रिकामं ठेवायचं नाही असा त्रिंबकचा हुकूमच होता. हत्यार वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलं. किल्ली त्रिंबकच्या करदोड्याला.

३

रविवारी सकाळी चहावरून सुरुवात झाली आणि गाडी अंगदच्या पायगुणापर्यंत गेली. त्रिंबक बोलायला लागला की थांबत नसे. तो ओट्याशी उभा राहून बोलत होता, अंगद दारात. बानाबाई खाली बसून सुपात बाजरी निवडत होती.

"तुझ्या वयात मी दोनशे मेंढरं सांभाळत व्हतो."

"आन मग इकली का?" अंगद म्हणाला. "मायला न इचारता इकली. तिनं नावं ठिवली व्हती एकेकीला."

"तिला काय इचारायचं? मेंढरं तिच्या बापानं दिल्ती का?"

तेव्हा वर टक असा आवाज झाला.

लहानसाच. अंगदला वाटलं, मायनं बाजरीतला खडा डब्यात टाकला. त्यानं खाली पाहिलं. डबा नव्हता. माय खडे पदराच्या टोकात ठेवत होती.

दुपारी त्रिंबक आंघोळीला गेला, करदोडा खुंटीला. अंगदनं कपाट उघडलं. खुणा तीन झाल्या होत्या.

आता मात्र त्याच्या डोक्यातलं यंत्र सुरू झालं. कपाट बंद, किल्ली बापाच्या कमरेला, बाप डोळ्यासमोर. धाकटी बहीण अक्षदा ट्यूशनला गेलेली. मग चाप ओढला कुणी? सिलिंडर हिंदकळतंय, घोडा सैल आहे, ट्रक गेला की घर हादरतं, आपोआप पडला असेल. पण चाप ओढल्याशिवाय घोडा मागं जात नाही आणि मागं गेल्याशिवाय पडत नाही. हे त्याला दीड वर्षात नक्की शिकवलं होतं. त्यानं अक्षदाच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि घोड्यावरून चापाखालून दोन वेढे देऊन गाठ मारली. आता कुणी हात लावला तर दोरा तुटणार.

मंगळवारी काकासाहेब आला आणि त्यानं भावाला सल्ला दिला, पोराला वॉचमनच्या नोकरीला लाव. त्रिंबक म्हणाला, वॉचमनला पण जागं राहावं लागतं. दोघं पोट धरून हसले. अंगद ताटावरून उठला. बानाबाईनं त्याच्या ताटातली भाकरी उचलून परत टोपल्यात ठेवली. वरून आवाज आला. टक.

संध्याकाळी पाहिलं तर दोरा जसाच्या तसा होता. गाठ त्याचीच, त्याच्या हातची, डावीकडून मारलेली.

खुणा चार.

४

"भावा, तुला झोप नाय मिळत," धम्मपाल म्हणाला. तो अंगदच्याच वर्कशॉपात शेजारच्या लेथवर होता. डिप्लोमा फर्स्ट क्लासनं पास झालेला आणि पगार अंगदएवढाच. दोघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते.

"दोरा तुटला नाय, धम्म्या. आन खूण पडली."

"मग तू चुकीचं मोजलं."

"चार मोजायला चुकंल का मी?"

धम्मपालनं ग्लास खाली ठेवला. "मग एक काम कर. हाये तसं राहू दे. बिघडलेली बंदूक हे तुझ्या घरातलं सगळ्यात शहाणं माणूस हाये."

"तू स्प्रिंग बघतो का जरा?"

"नाय रे बाबा. लायसन तुझ्या बापाचं, आन जेल मला? आमच्या नावावर लगेच खपवत्यात सगळं."

धम्मपालचं ऐकायला हवं होतं. पण अंगदला राग होता. भुताखेताची भाषा म्हाताऱ्यांनी करावी, आपण मशीन शिकलोय. खोट असते ती लोखंडात. लोखंड नीट केलं की सगळं नीट. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. आयुष्यात एक तरी काम असं करायचं होतं की बापाला त्यात बोट ठेवायला जागा सापडू नये.

त्यानं तीन दिवस काम केलं. घोड्याची कड घासली, स्क्रू सरळ बसवला, माशी मधोमध आणली, सिलिंडरचं हलणं थांबवलं, स्प्रिंग बदलली. कसं केलं ते सांगत नाही. पण काम सुंदर झालं. रिकाम्या हत्याराचा चाप ओढला तेव्हा घोडा असा पडला की चादरीवरचा लोखंडाचा कीस उडाला.

त्रिंबकनं उलटंपालटं करून पाहिलं. "हं," तो म्हणाला. "ह्याला इतके दिवस?"

अंगदनं खुणांची चारही काडतुसं रुमालात बांधली आणि शहरात नेऊन दुकानदाराला परत दिली. उरलेल्या गोळ्या डब्यात घालून डबा आपल्या खोलीत ठेवला. हत्यार कपाटात गेलं, पण रिकामं. बापाचा हुकूम त्यानं पहिल्यांदाच मोडला होता, तोही न सांगता.

५

दुसऱ्याच दिवशी अक्षदानं पुढं कॉमर्स घेऊ का म्हणून विचारलं. त्रिंबकनं तिला सांगितलं की एका घरात एक शिकलेलं माकड पुरे. अंगदच्या कानशिलात रक्त चढलं. त्याच क्षणी वर आवाज झाला. आता टक नाही. खणकन झाला. भरदार, नव्या स्प्रिंगचा. त्याच्या हातचं काम.

"काय पडलं गं?" त्रिंबकनं विचारलं.

"मांजर असंल," बानाबाई म्हणाली.

अंगद जिन्यात बसला. पायऱ्यांची फरशी गार होती. आता हिशोब वेगळ्या बाजूनं जुळत होता. शेतातला दिवस सोडला तर प्रत्येक आवाजाच्या वेळी बाप त्याला किंवा त्याच्यासमोर बोलत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात एकच गोष्ट आली होती. ती गोष्ट तोंडानं उच्चारायची नसते. बाप आहे. पण मनाला कुठं लायसन लागतं?

म्हणजे मीच. माझा राग वर जातो, बंद कपाटात शिरतो आणि चाप ओढतो. आजवर खोट होती म्हणून बाप जिवंत होता. ती खोट मी काढली. स्वतःच्या हातानं, तीन दिवस राबून.

त्याला हसू आलं आणि हसताना दात वाजले.

खात्री करून घ्यायला हवी होती. गुरुवारी त्रिंबक आणि काकासाहेब शहरात गेले, माय भावाकडं पिशोरला गेली होती, अक्षदा शाळेत. किल्ली त्रिंबक घाईत घरी विसरलेला. अंगदनं कपाट सताड उघडलं, रिव्हॉल्व्हर फळीवर आडवं ठेवलं आणि समोर फरशीवर बसला. मग ठरवून राग आणला. परीक्षेच्या हॉलबाहेरची यादी आठवली, तिच्यात नसलेलं आपलं नाव आठवलं. भर कॉलेजात बापानं मारलेली थप्पड आठवली. मुठी आवळल्या, घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं.

तासभर बसला. घोडा केसभर हलला नाही.

त्यानं स्वतःची समजूत घातली की ओढून आणलेला राग खरा नसतो. समजूत बरी होती. माणूस यंत्र शिकला तरी समजुतीवरच जगतो.

त्यानं ठरवलं, पुन्हा खोट घालायची. जुनी स्प्रिंग परत बसवायची. पण तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्रिंबक किल्लीसाठी परत आला होता. हत्यार अंगदच्या हातात पाहून त्यानं ते ओढून घेतलं, सिलिंडर उघडून आत पाहिलं, आणि बोलण्याआधी हात उगारला.

"रिकामं? माझं हत्यार रिकामं ठिवलं?"

"आण्णा, थोडं काम राह्यलंय. भरू नका. ऐका माझं."

"आता हात लावायचा नाय ह्याला," त्रिंबक म्हणाला. त्यानं गोळ्यांचा डबाही घेतला आणि हत्यार त्या दिवसापासून उशीखाली ठेवलं. घर तीन दिवस शांत राहिलं. माय रविवारी पिशोरहून परत आली.

६

खंडेनवमीला सकाळी ऊन थेट बैठकीत आलं होतं. भावकीतली वीस-पंचवीस माणसं फरशीवर बसली होती. झेंडूचा वास, पुरणाचा वास. पाटावर लाल कापड, कापडावर कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची जुनी कात्री आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. नळीला हळद, सिलिंडरला कुंकू.

"भरलंय का हे?" अंगदनं हळूच विचारलं.

"उपाशी हत्यार पुजत्यात का?" त्रिंबक म्हणाला.

अंगदनं पाट सरकवून नळी भिंतीकडं केली. त्रिंबकनं तो सगळ्यांसमोर परत फिरवला. मेंढक्यांच्या घरात रीत होती. पूजेला कुऱ्हाड मांडताना पातं घरधन्याकडं करायचं, म्हणजे ते धन्याला ओळखतं आणि परक्याच्या हातात चालत नाही. कुऱ्हाडीचं पातं बसल्या जागी उडून येत नाही, ही गोष्ट रीत पाडणाऱ्याला माहीत होती. रीत पाळणाऱ्याला तिचं काय. त्रिंबक पाटासमोर मांडी घालून बसला आणि नळीचं काळं भोक बरोबर त्याच्या छातीकडं आलं.

"आण्णा, ह्याचं तोंड तरी फिरवा."

"गप बस. तुझ्या आज्ज्यापासून चालत आलंय."

अंगदनं चहूकडं पाहिलं. पंचवीस मोठी माणसं. एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. एकजण फोनवर फोटो काढत होता.

मग त्यानं एकच करता येण्यासारखं होतं ते केलं. पाटाच्या आणि बापाच्या मध्ये, तिरका, तो स्वतःच मांडी घालून बसला. राग आपला आहे ना, मग तो आपल्या अंगावर येऊ दे. आणि आज रागच येऊ द्यायचा नाही. काही झालं तरी नाही.

"ह्यो बघा," त्रिंबक पाहुण्यांना म्हणाला, "एरवी हाक मारली तरी येत नाय. आज फोटोत यायला पुढं बसला."

हशा. अंगद हसला. खरंच हसला, पोटातून श्वास सोडून.

"दीड वर्ष कालेज केलं. आन शिकला काय, तर आपल्याच घरच्या, फुलं वाहिलेल्या बंदुकीची भीती."

अंगदनं मान डोलावली. आत शोधून पाहिलं. आत काहीच नव्हतं. भीतीनं सगळा राग धुऊन नेला होता, आतून भांडं लख्ख झालं होतं. त्याला आनंद वाटला. जमलं.

त्यानं रिव्हॉल्व्हरकडं पाहिलं.

घोडा मागं येत होता.

अगदी सावकाश. कुंकवाचा एक कण त्याच्या कडेवरून घरंगळला. चाप आपोआप आत दबत होता आणि सिलिंडर फिरत होतं, जराही न हिंदकळता, लोण्यातून फिरावं तसं.

७

मी चिडलेलो नाही, अंगद मनात म्हणाला. मी चिडलेलो नाही. त्यानं पुन्हा आत पाहिलं. काही नव्हतं. घोडा येतच होता.

मध्येच तो थांबला. क्षणभर. मग पुन्हा निघाला. पुन्हा थांबला. त्यात एक लय होती, आणि ती लय अंगदला लहानपणापासून ओळखीची होती. ती ऐकत तो झोपी जायचा. कुणीतरी श्वास घेत होतं. श्वास घेतला की घोडा थांबे, सोडला की मागं येई.

त्यानं मान वर केली. काकासाहेब हसत होता, त्याचा श्वास वेडावाकडा. अक्षदा फोनमध्ये. बायका दाराशी. आणि पाटाच्या पलीकडं, ओवाळायचं ताट मांडीवर घेऊन, माय बसली होती. डोक्यावर पदर. चेहरा रोजच्यासारखा, धुतलेल्या ओट्यासारखा. ती कुणाकडंच बघत नव्हती. तिची छाती वर झाली, घोडा थांबला. खाली गेली, घोडा मागं आला.

प्रत्येक वेळी ती तिथंच होती. बाजरी निवडत. भाकरी टोपल्यात ठेवत. मांजर असंल म्हणत. शेतात जेवण घेऊन तीच आली होती आणि माणसांच्या मागं उभी होती. तिच्या चोवीस वर्षांच्या संसारात राग येण्याची मुभा आपल्याला एकट्यालाच आहे, असं अंगद बावीस वर्षं धरून चालला होता. तिच्याबद्दल त्यानं तरी कधी काय विचारलं होतं?

"... आन ह्याच्या मायनंच लाडावून ठिवलाय," त्रिंबक मागं बोलत होता. "मेंढरात राहून राहून तिला पन मेंढरायवढीच अक्कल."

पुन्हा हशा. घोडा आता पूर्ण मागं आला होता.

"माय," अंगद म्हणाला. नुसते ओठ हलले.

बानाबाईनं डोळे वर केले आणि पोराकडं पाहिलं. ओवाळायच्या निरांजनाची ज्योत तिच्या हनुवटीखाली सरळ उभी होती. तिनं श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"अंगद," ती म्हणाली. लेकराला चुलीपासून दूर हो म्हणावं तशा मायेनं. "जरा बाजूला सरक, बाबा."

मागं त्रिंबक अजून बोलतच होता.

अंगदनं मांडी मोडली.